मोहन्याच्या बोटावरची शाई

कसारा लोकलनं आंबिवलीला उतरून मोहन्याच्या रिक्षेत बसलं की थोड्याच वेळात कंपनी लागते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन हे तिचं कागदावरचं नाव. गावाच्या तोंडी ती एनआरसी, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी नुसतीच 'कंपनी'. १९४६ साली स्थापन झालेल्या या कंपनीला उल्हास नदीचं पाणी आणि हाकेच्या अंतरावरची रेल्वे, दोन्ही मिळालं. रेयॉनचा धागा निघू लागला, पुढे टायरसाठी लागणारी नायलॉनची कॉर्ड निघू लागली. आगरी-कोळ्यांच्या गावाशेजारी कामगारांची कॉलनी उभी राहिली. घाटावरून, कोकणातून, विदर्भातून आणि उत्तरेतून माणसं आली, पाळ्या बदलत राहिल्या, पोरं मोठी झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीला टाळं लागलं ते कायमचं.

समजा, १९५५ साली जन्मलेला एक कामगार या कॉलनीत राहायला आला आणि आयुष्यभर इथंच राहिला. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, म्हणजे त्याचं लोकसभेचं पहिलं मत १९७७ चं. तो नेहमी निकालाच्या बाजूनंच मत देत आला असंही धरू. मग त्याच्या बोटाचा हिशोब असा निघतो: १९७७ आणि १९८० ला जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी, १९८२ च्या पोटनिवडणुकीत कमळ, १९८४ ला पंजा, १९८९ आणि १९९१ ला पुन्हा कमळ, १९९६ पासून धनुष्यबाण, २००९ ला पंजा, २०१४ आणि २०१९ ला कमळ, २०२४ ला तुतारी वाजवणारा माणूस. खोली बदलली नाही, रेशन दुकान बदललं नाही, चिन्हं मात्र पाच झाली. टीव्हीवर निकालाच्या दिवशी बसणारे पंडित असल्या मतदाराला 'तरंगता' म्हणतात. जणू हा माणूस उल्हासच्या बंधाऱ्यावर साचलेली जलपर्णीच, पाणी नेईल तिकडे जाणारी.

पण एकेक वर्ष उचलून पाहिलं तर तरंगणारं कोण, हा प्रश्न पडतो.

१९७७ ला ठाणे मतदारसंघातून निवडून आले रामभाऊ म्हाळगी. मूळचे जनसंघाचे, म्हणजे पणतीवाले. आणीबाणीनंतर जनसंघ जनता पक्षात विलीन झाला, पणती विझली आणि रामभाऊंच्या नावापुढे नांगरधारी शेतकरी आला. १९८० च्या जानेवारीत तेच पुन्हा निवडून आले, एप्रिलमध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन झाला आणि ते त्यात गेले. मार्च १९८२ मध्ये ते वारले. पोटनिवडणुकीत जगन्नाथ पाटील कमळावर जिंकले. ज्याला म्हाळगींचा माणूस हवा होता त्यानं पाच वर्षांत दोन पक्षांना मत दिलं, आणि त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आपण कुठं हललो?

१९८४ ची गोष्ट वेगळी. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत शांताराम घोलप काँग्रेसकडून निवडून गेले. ते मत खरोखर फिरलेलं मत होतं. पाच वर्षांत ते परत आलं, प्राध्यापक राम कापसे कमळावर खासदार झाले आणि १९९१ ला पुन्हा झाले.

मग १९९६. कापसे विद्यमान खासदार, सलग दोनदा जिंकलेले. तरी शिवसेना-भाजप युतीच्या जागावाटपात ठाणे शिवसेनेनं मागून घेतलं. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचा हट्ट त्यामागे होता हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवसेनेचे प्रकाश परांजपे उभे राहिले आणि जिंकले, नंतर १९९८, १९९९ आणि २००४ लाही जिंकले. कमळावर शिक्का मारायची सवय लागलेल्या हजारो माणसांनी एका निवडणुकीत धनुष्यबाण शोधला. यात मतदाराचं मन बदललं असं म्हणायचं तर जागावाटपाच्या बैठकीत बसलेल्या चारदोन माणसांनाच मतदार म्हणावं लागेल.

२००९ चा बदल तर सरळ नकाशातला. मतदारसंघांची पुनर्रचना झाली, जुना अवाढव्य ठाणे मतदारसंघ फुटला, कल्याण नावाचा नवा मतदारसंघ तयार झाला. गंमत म्हणजे कल्याण महापालिकेत असलेलं मोहने कल्याण लोकसभेत आलंच नाही, ते भिवंडीत गेलं. महापालिकेचा कर कल्याणला आणि खासदार भिवंडीचा. त्या वर्षी भिवंडीत काँग्रेसचे सुरेश टावरे जिंकले आणि हरले कोण, तर १९८२ चे तेच जगन्नाथ पाटील. २०१४ ला कपिल पाटील जिंकले. निवडणुकीच्या तोंडावरच ते राष्ट्रवादी काँग्रेसमधून भाजपत आले होते, म्हणजे इथं उमेदवारच पक्ष बदलून मतदाराच्या दारात आला.

एकूण हिशोब घातला तर पाच चिन्हांच्या या प्रवासात कामगारानं स्वतःहून घेतलेली वळणं दोन किंवा तीन. बाकीची पक्षांनी, युत्यांनी आणि नकाशा आखणाऱ्यांनी घेतली आणि शाई त्याच्या बोटाला लागली.

आता जी वळणं त्याची स्वतःची होती, ती का आली? यासाठी थोडं मागं जावं लागतं. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, याच ठाणे जिल्ह्यानं शामराव परुळेकरांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठवलं होतं. वारली आदिवासींच्या लढ्यातून आलेला नेता. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, ठाणे नगरपालिका शिवसेनेकडे गेली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. संघटना स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, पहिली सत्ता मुंबईच्या आधी ठाण्यानं दिली. मुंबईच्या गिरणगावातही हेच घडत होतं. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर परळला पोटनिवडणूक झाली आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याचा कामगार भगव्याकडे का गेला यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मराठी अस्मिता, कम्युनिस्टांमधली फूट, मालकांची फूस, दहशत, सगळं खरं. पण ठाण्या-कल्याणच्या पट्ट्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते: कामगाराचं अडलेलं काम कुठल्या खोलीत होतं, ती खोली बदलली.

कंपनी चालू असताना ती खोली युनियनची. पगार, बोनस, रजा, कॉलनीतली खोली, पोराची 'बदली'वर भरती, सगळं त्या टेबलावर. युनियनच्या नेत्याचा पक्ष कोणता, हे बहुतेकांना माहीत असे आणि त्याचं ओझं फारसं कुणाला नसे. पण युनियनचा हात गेटच्या आत चालतो. गेटबाहेरचं जग, म्हणजे नळाचं पाणी, शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली खाट, पोलीस चौकीतली तक्रार, हे कुणाकडे न्यायचं? १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची गावं एकत्र करून महापालिका केली गेली खरी, पण तिची पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. अंबरनाथ आणि बदलापूर तोवर बाहेरही पडले होते. बारा वर्षं एवढं मोठं शहर प्रशासकाच्या हाती. नगरसेवक नावाचा प्राणीच नव्हता. ही पोकळी शिवसेनेच्या शाखेनं भरली.

शाखा म्हणजे दहा बाय बाराची खोली. दारावर वाघ, आत बाळासाहेब ठाकरेंची तसबीर, एक टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर काळा फळा. फळ्यावर कधी रक्तदान शिबिर, कधी वह्यावाटप, कधी कुणाच्या तरी आईचं निधन. संध्याकाळी शाखाप्रमुख येऊन बसला की लोक कागद घेऊन येतात: उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डावर सुनेचं नाव, मुलाची अर्ध्या फीची सवलत, शेजाऱ्याच्या पायपाचं सांडपाणी. शाखाप्रमुख लेटरहेडवर चार ओळी खरडतो किंवा सरळ फोन लावतो. काम होतं किंवा होत नाही, पण रात्री साडेनऊला दार उघडं असतं. सरकारी कचेरीचं दार त्या वेळी बंद असतं, आणि दिवसा उघडं असतं तेव्हा कामगार पाळीवर असतो.

याचं सर्वांत मोठं रूप म्हणजे ठाण्यात टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांचा दरबार. जिल्हाप्रमुख एवढंच पद, कधी आमदार नाही, नगरसेवक नाही. तरी रात्री उशिरापर्यंत माणसांची रांग, आणि जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली. त्या दरबाराची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. १९८९ मध्ये ठाण्याच्या महापौर निवडणुकीत सेनेची मतं फुटली, उमेदवार प्रकाश परांजपे हरले. पुढे मत फोडल्याचा संशय असलेले नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला आणि दिघे यांना टाडाखाली अटक झाली, ते जामिनावर सुटले. निकाल लागण्याआधीच, २६ ऑगस्ट २००१ ला, ते गेले. निष्ठा हा शब्द या पट्ट्यात केवळ भाषणातला नाही, त्याला एक काळी किनार आहे. मतदाराच्या पक्षबदलाबद्दल मात्र कुणी इतकं तापत नाही. गद्दार म्हणायचं ते नगरसेवकाला, मतदाराला म्हणून चालत नाही, पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं.

मग शाखेशी इतकं बांधलेलं मत सुटतं कसं? २००८-०९ हा धडा जवळून पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेवरून कल्याण परिसरात उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाणी झाल्या. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे, म्हणजे मनसेचे, राज ठाकरे यांना रत्नागिरीत अटक झाली, आणि त्यांची एक रात्र गेली डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्याच्या कोठडीत. दुसऱ्या दिवशी कल्याण कोर्टात जामीन. एखाद्या पक्षाला एखादं शहर आयतं मिळावं ते असं. २००९ ला कल्याण लोकसभेत मनसेच्या वैशाली दरेकर यांना एक लाखाहून जास्त मतं पडली, विधानसभेत कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीण दोन्ही मनसेनं घेतले. २०१० च्या महापालिकेत १०७ जागांपैकी शिवसेना ३१ आणि मनसे सत्तावीसच्या घरात. मनसेच्या पोरांनी शाखाही जुन्या शाखेच्या शंभर पावलांवर उघडल्या, टेबल तसंच, फळा तसाच, फक्त चिन्ह इंजिन. हे इंजिन तरी नवं कुठं होतं? धनुष्यबाण कायमचा मिळण्याआधी शिवसेनेचे काही उमेदवार रेल्वे इंजिनवरच लढले होते, काही मशालीवर, तर त्याआधी ढाल-तलवारीवर. चिन्हांच्या बाबतीत या घराण्यात जुनीच भांडी पुन्हा कल्हई करून वापरात येतात.

२०१५ ला १२२ जागांच्या पालिकेत शिवसेना ५२, भाजप ४२ आणि मनसे ९. पाच वर्षांत सत्तावीसाचे नऊ. नवीन दारात लोक गेले होते, कागद घेऊन गेले होते, विरोधी बाकावरून कामं होईनात तेव्हा परत फिरले. भावनेनं नेलेलं मत दाखल्यासाठी परत आलं, असं म्हटलं तर ते मनसेला लागेल, पण आकडे तेच सांगतात. भाजपच्या वाढीमागे अर्थात दिल्लीचा वारा होताच.

नेता गेला की मतदार जातो का, याचं उत्तर शोधायला कल्याणसारखी प्रयोगशाळा नाही. प्रकाश परांजपे २००८ मध्ये वारले. पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा आनंद जिंकला, २००९ ला नव्या कल्याण मतदारसंघातूनही जिंकला. २०१२ मध्ये आनंद परांजपे राष्ट्रवादीकडे गेले. २०१४ ला समोर सेनेनं एकनाथ शिंदे यांचा मुलगा, नवखा डॉ. श्रीकांत शिंदे, उभा केला आणि तो अडीच लाखांहून जास्त मतांनी जिंकला. वडिलांचं नाव, चार वेळची खासदारकी, स्वतःचा अनुभव, काही कामी आलं नाही. परांजपे एकटे गेले होते. शाखा जागेवर होत्या.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेना फोडून गेले ते वेगळे गेले. दिघ्यांवरचा 'धर्मवीर' चित्रपट महिनाभरच आधी थिएटरात लागला होता. शिंदे यांच्याबरोबर आमदार गेले, नगरसेवक गेले, शाखाप्रमुख गेले, आणि टेबलं-खुर्च्यांसकट खोल्या गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाणही त्यांना दिला. शाखा कुणाची यावरून मुंब्र्यासारख्या ठिकाणी रस्त्यावर संघर्ष झाला. बाहेरच्यांना ते पोरकट वाटलं, पण दहा बाय बाराच्या त्या खोलीची किंमत दोन्ही बाजूंना पक्की माहीत होती. २०२४ ला कल्याणमध्ये श्रीकांत शिंदे दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. समोर होत्या वैशाली दरेकर, २००९ च्या मनसेच्याच, आता उद्धव ठाकरे यांच्या सेनेच्या मशालीवर. त्यांना पावणेचार लाखांच्या वर मतं पडली, तीही शाखांचं बळ फारसं नसताना. म्हणजे दार हललं तरी जागेवर राहणारी माणसंही कमी नव्हती. धनुष्यबाणवाला म्हणणार मी शिवसेनेलाच मत दिलं, मशालवाला म्हणणार मी शिवसेनेलाच मत दिलं. एकाच जिन्यावरचे दोघे शेजारी, आणि बदलला तो दुसरा, यावर दोघांचं एकमत.

आपल्याकडेच असा गोंधळ असतो असं वाटणाऱ्यांनी आयर्लंडकडे पाहावं. तिथले फिना फॉल आणि फिना गेल हे दोन पक्ष १९२२-२३ च्या यादवी युद्धाच्या दोन बाजूंतून वाढले. धोरणांत फरक दाखवायला भिंग लागावं, पण कुठल्या घरात कुठला पक्ष हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. खासदार आठवड्याला मतदारसंघात 'क्लिनिक' भरवतात, घराची, पेन्शनची, खड्ड्यांची गाऱ्हाणी ऐकतात. आपल्या माणसाला ती शाखाच वाटेल, फक्त हवा थंड. तरी ही घट्ट वीण एका निवडणुकीत उसवली. २००८ ला बँका बुडायला आल्या, सरकारनं त्यांची हमी घेतली, २०१० ला युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला, आणि २००७ ला ७७ जागा असलेला फिना फॉल २०११ ला २० वर आला. दार उघडं होतं, पण आत बसलेल्याच्या हातात देण्यासारखं काही उरलं नव्हतं. २०२० च्या जूनमध्ये हे दोन जुने वैरी चक्क एका सरकारात बसले, महाराष्ट्रात शिवसेना-काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार आल्यानंतर सात महिन्यांनी. पंतप्रधानपद वाटून घ्यायचं ठरलं, अडीच वर्षं मिहॉल मार्टिन यांनी सांभाळलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ठरल्याप्रमाणे फिना गेलच्या लिओ वराडकर यांच्या हाती दिलं. वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. शिवसेना-भाजप युती ज्यावरून तुटली तो अडीच-अडीच वर्षांचा शब्द पाळला जाण्यासाठी मराठी आडनावाला डब्लिन गाठावं लागलं, हा विनोद मंत्रालयासमोर कुणी केला नसेल तर नवल.

मोहन्यात हातात देण्यासारखं उरलं नाही ते २००९ नंतर. कंपनी बंद पडली, हजारो कामगारांची देणी थकली, प्रकरण कंपनी न्यायाधिकरणात गेलं, जमीन नव्या उद्योगसमूहाच्या हाती गेली आणि जुनी बांधकामं पाडण्यावरून कामगार रस्त्यावर उतरले. या काळात आलेल्या प्रत्येक पक्षाच्या माणसानं कामगारांना भेट दिली आणि पाठिंबा दिला. यात खोटेपणाच होता असं नाही. पण थकलेल्या देण्यांपुढे लेटरहेडवरच्या चार ओळी चालत नाहीत. युनियनच्या टेबलावर एकेकाळी मालक बसायचा, शाखेच्या टेबलावर तो कधीच बसला नाही.

त्यामुळे उरतं ते माणूस आणि आडनाव. भिवंडीची २०१४ ची लढत पाहा: भाजपचे कपिल पाटील, काँग्रेसचे विश्वनाथ पाटील, मनसेचे सुरेश म्हात्रे. २०२४ ला भाजपचे तेच कपिल पाटील, आणि सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा आता शरद पवारांच्या पक्षाकडून. बाळ्यामामांनी मधल्या काळात इतके झेंडे हाती घेतले की भाषणाची सुरुवात चुकली नाही हेच कौतुक. तिसरे अपक्ष नीलेश सांबरे, कुणबी समाजात काम असलेले, त्यांनी दोन लाखांहून जास्त मतं घेतली. बाळ्यामामा ६६ हजारांच्या फरकानं निवडून आले. आगरी भावकी दोन उमेदवारांत वाटली गेली, कुणबी मत तिसरीकडे वळलं, भिवंडी शहरातलं मुस्लिम मत एकवटलं. 'आपण पक्षाला नाही, मामाला देतो' हे वाक्य तेव्हा ऐकू येई, आणि त्याआधी दहा वर्षं तेच वाक्य कपिल पाटलांच्या नावानं ऐकू येत होतं.

महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली आणि पुढची निवडणूक पाच वर्षांहून जास्त लांबली. पुन्हा प्रशासक, १९८३ नंतरच्या त्या बारा वर्षांसारखाच. माजी नगरसेवकांच्या पाट्यांवरचं 'माजी' हा शब्द कुणी लहान लिहिला, कुणी लिहिलाच नाही, आणि कार्यालयं चालू राहिली. काहींच्या दारावरचं चिन्ह या काळात दोनदा बदललं. आत बसणारा माणूस आणि बाहेरची चपलांची रास तीच.

२०२५ मध्ये कंपनीच्या जुन्या जागेवर सिमेंट दळण्याचा प्रकल्प आणण्याचा प्रस्ताव आला. सप्टेंबरमध्ये जनसुनावणी झाली. मोहने, आंबिवली, अटाळी आणि आसपासच्या गावांनी धुळीच्या भीतीनं विरोध नोंदवला. विरोध करणाऱ्यांत धनुष्यबाणवाले होते, मशालवाले होते, कमळ, इंजिन आणि पंजावालेही होते, आणि त्यांच्यात कंपनीत पाळ्या केलेली, देण्यांची वाट पाहणारी म्हातारी माणसं.